पांढरी पाचच्या जरा वर

प्रस्तुत लेखकाच्या भाईंदरच्या घरी पाहुणा आला, की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्यासमोर अँप्लिफायर येतो. वर तीन काचेच्या नळ्या, आत निखाऱ्यासारखा नारिंगी उजेड. "घरीच केलाय. सगळं वायरिंग हातानं," असं लेखक अगदी सहज, म्हणजे दोनदा घसा खाकरून, सांगतो. पाहुणा वाकून बघतो आणि विचारतो, "ब्लूटूथ आहे का?" लेखक मग चहा टाकायला आत जातो.

वास्तविक लेखक हिशेबनीस. सोल्डरिंग आयर्नशी त्याचा संबंध दहावीच्या सुट्टीत एकदाच आला होता, त्याची खूण अंगठ्यावर अजून आहे. पण पन्नाशीत माणसाला काहीतरी होतं. कुणी पहाटे पळायला लागतो, कुणी मोड आलेले मूग खाऊन राहतो. लेखकाला एका मित्राकडे व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर गाणं ऐकताना आवाजात ‘ऊब’ जाणवली. आधी जाणवली नव्हती, मित्रानं "ऊब जाणवतेय ना?" असं विचारल्यावर लगेच जाणवली.

सर्किट जुनंच निवडलं. दोन ईएल८४ आणि एक ईसीसी८३. व्हॉल्व्हच्या नावातच त्याची कुंडली असते. ई म्हणजे फिलामेंटला ६.३ व्होल्ट, सी म्हणजे ट्रायोड, एल म्हणजे स्पीकर हलवू शकणारा पेंटोड, आठ म्हणजे नऊ पिनांचं बूड. ईसीसीमध्ये दोन सी, म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोडची बिऱ्हाडं. भाईंदरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रेक्टिफायरच्या जागी मात्र साधे डायोड आहेत. ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली जात नाही.

सामान लॅमिंग्टन रोडचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण त्या नावानं तिथे कपॅसिटर मिळत नाही. "व्हॉल्व्ह? आजोबांचा रेडिओ आहे का?" असं तीन दुकानांत ऐकल्यावर चौथ्यानं फळीमागून धुळीनं भरलेले खोके काढले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह. एके काळी देशभरच्या रेडिओंत हेच असत. चार किलोचा ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन लेखक विरार लोकलनं निघाला. विरारच्या गाडीत भाईंदरच्या माणसाला चढू द्यावं की नाही, आणि चढलाच तर उतरू द्यावं की नाही, याबद्दल त्या डब्यात जुने मतभेद आहेत. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी वाट दिली. पायावर चार किलो लोखंड पडण्याची शक्यता असली, की माणसं समजूतदार होतात.

सांगाडा भाईंदरचाच हवा, असा लेखकाचा हट्ट. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात, मग दुसरीकडे का जा? त्यानं स्टेनलेसचा पत्रा आणला आणि ड्रिल लावलं. स्टेनलेसची खोड अशी, की जोर न लावता नुसतं घासत राहिलं तर ते आणखी कडक होतं. थोडक्यात, त्याचा स्वभाव लेखकाच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. तीन बिटं गेल्यावर शेवटी अॅल्युमिनियमच्या केकच्या चौकोनी भांड्याला भोकं पाडण्यात आली. ते भांडं कुणाचं होतं, यावर घरात आठ दिवस चर्चा झाली.

वायरिंगला छापील बोर्ड वापरायचा नाही, हा तर प्रतिष्ठेचा प्रश्न. टॅग स्ट्रिपवर एकेक रेझिस्टर, एकेक तार. लेखकानं सगळ्या तारा काटकोनात, समांतर, रोजकीर्दीच्या रकान्यांसारख्या लावल्या. लाल एका बाजूला, काळ्या दुसऱ्या बाजूला. उलटं केलेलं ते केकचं भांडं बघत तो एक रात्र झोपला नाही. मग बटण दाबलं, नळ्या तापल्या, आणि स्पीकरमधून आवाज आला: घूंऽऽऽ.

आता थोडं विषयांतर. संपादकांनी ते कापू नये, कारण लेखकाला या सगळ्यातलं एवढंच नीट समजलेलं आहे.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. रेक्टिफायर खालचा अर्धा हिस्सा उचलून वर करतो, म्हणजे धक्के होतात १००. ते गाळायला कपॅसिटर असतात. गाळण नीट झालं नाही, तर स्पीकर १०० हर्ट्झला गुणगुणतो. आता पेटी आठवा. खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झ, तिच्या शेजारची काळी चार १०४ च्या आसपास. म्हणजे भारतातला असा प्रत्येक नादुरुस्त अँप्लिफायर एकाच पट्टीत गातो: पांढरी पाचच्या जरा वर. अमेरिकेत वीज ६० ची, तिथे ही गुणगुण १२० वर, काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये. तिकडच्या अँप्लिफायरला आपल्याकडे साथीला बसवता येणार नाही.

आणि ती प्रसिद्ध ऊब? ती म्हणजे भेसळ. व्हॉल्व्ह मूळ सुरात स्वतःचे सूर मिसळतो. दुपटीचा मिसळला तर तो वरचा सा, तिपटीचा मिसळला तर त्याच्याही वरचा पंचम. ईएल८४ च्या कारखान्यानंच कागदावर लिहून दिलं आहे: एकट्यानं ५.७ वॉट, विकृती १० टक्के. आता मिरजेचा तानपुरा घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, ती याच वरच्या सुरांना जागं करण्यासाठी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, सुताचा दोरा आणि पिढ्यांचा कान. २०२४ साली मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लेखकानं तेच काम वीज, काच आणि केकच्या भांड्यानं केलं. मानांकनाची तो वाट बघतो आहे.

गुणगुण घालवण्यात चार महिने गेले. व्हॉल्व्ह बदलले, कपॅसिटर दुप्पट केले, फ्रीज बंद करून पाहिला. त्यात दूध नासलं, आवाज तसाच. शेवटी भाईंदर पश्चिमेला राहणारे एक जुने रेडिओ मेकॅनिक सापडले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, दुकान मुलगा चालवतो. काका आले, चष्मा कपाळावर चढवला आणि डावा हात पँटच्या खिशात घातला. लेखकाला वाटलं, ऐट आहे. "तीनशे व्होल्ट आहेत साहेब," ते म्हणाले. "दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो." मग उजव्या हातातल्या बांबूच्या कामटीनं ते एकेक तार हळूच हलवत गेले.

बराच वेळ ते नुसते वायरिंग बघत होते. लेखक कौतुकाची वाट बघत होता.

"तारा फार सरळ लावल्यात," ते म्हणाले. "दिसायला छान आहेत."

पहिल्या कपॅसिटरची काळी तार रांगेत शोभावी म्हणून लेखकानं इनपुटच्या टोकाला नेऊन जोडली होती. काकांनी ती तोडली, आखूड केली आणि ट्रान्सफॉर्मरजवळ लावली. रांग मोडली. चार मिनिटं लागली. पैसे घेईनात, एवढंच म्हणाले, "तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं रेडिओ उलटा करून आत बघितलं नाही हो." चहा मात्र दोनदा घेतला, आणि निघताना अँप्लिफायर पुन्हा एकदा उलटा करून बघितला.

घर शांत झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "बंद पडलं का रे ते?"

"नाही गं, दुरुस्त झालं."

"असं होय," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. मेथी निवडत बसली.

लेखकाला तेव्हा उलगडलं, की गेले चार महिने संध्याकाळी आई गात होती. पूर्वी तिचा सा काळी चार होता. सत्तरीनंतर उतरून पांढरी पाचवर आला आहे. तिचा तानपुरा गिरगावची खोली सोडल्यापासून माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेला. फोनमधला तानपुरा तिला चालत नाही, ऐन आलापात कर्ज हवंय का विचारणारा फोन येतो. लेखक चार महिने जो आवाज मारायला टपला होता, त्याच्या बरोबर एक सप्तक वर, त्याला जुळवून घेऊन, ती सूर लावत होती. आणि याच लेखकानं आल्यागेल्याला सुरातली ऊब समजावून सांगितली होती.

रविवारी तानपुरा माळ्यावरून उतरवला आणि मिरजेला पाठवला. तिकडून निरोप आला आहे: भोपळ्याला चीर गेली आहे, जवारीही नव्यानं करावी लागेल, महिनाभर तरी धरून चाला. तोवर ती काळी तार लेखकानं पुन्हा जुन्या, चुकीच्या जागी जोडून ठेवली आहे.