एक स्टेशन पुढे

अहो वहिनी, जरा इकडे या भिंतीपाशी. कपडे नंतर वाळत घाला. तुमच्या कामवालीनं काय उठवलंय, ऐकलंत? म्हणे आमचा भाचा एर्रागड्ड्याला दिसला. आणि हे सांगताना डोक्यापाशी बोट फिरवलं बाईनं! तिथे मनोरुग्णांचा सरकारी दवाखाना, म्हणून हैदराबादेत त्या जागेची शिवीच करून ठेवलीय लोकांनी.

तर तो मेट्रोतून उतरला एक स्टेशन पुढे, ई.एस.आय. हॉस्पिटलला. आणि गेला असता एर्रागड्ड्याच्या दवाखान्यात, तर काय बिघडलं? 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय, यादीतली आवश्यक औषधं सरकारी दवाखान्यात फुकट. रेशनकार्डाचा रंगसुद्धा विचारायचा नाही.

हौ, गोळ्या चालू आहेत त्याच्या. डिप्रेशनच्या. लपवायचं काय त्यात? भाऊजींची बीपीची गोळी तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगताच की.

विमा? तीच तर गंमत. आमचे हे विमा ऑफिसातून रिटायर झाले, म्हणून मला सगळं पाठ. कायद्याचं 21वं कलम म्हणतं, शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्याही. मे 2018मध्ये कायदा लागू झाला, ऑगस्टात विमा नियामकानं कंपन्यांना पत्रक काढलं. हा नियामक बसतो कुठे, माहितेय? दिल्ली नाही, मुंबई नाही, इथेच आपल्या गच्चीबावलीकडे! तरी कंपन्या ढिम्म. 2021मध्ये दिल्ली हायकोर्टानं एका सरकारी कंपनीला चांगलं झापलं. 2022च्या ऑक्टोबरात नियामकाचं पुन्हा पत्रक, महिनाअखेरपर्यंत सगळ्या पॉलिसीत घाला म्हणून. एकाच गोष्टीसाठी दोनदा पत्रक! आपण पोरांना जेवायला तरी किती वेळा हाका मारतो?

बरं, घातलं त्यांनी. पण विमा कशाचा? खाटेचा. ॲडमिट व्हा, मग पैसे. आयुष्मान कार्डाचंही तेच. पाच लाखांचं कार्ड, पण डिस्चार्जनंतर औषधं पंधरा दिवसांची. या गोळ्या तर महिनोन्‌महिने, कुणाला वर्षानुवर्षं. म्हणजे परवडत नाहीत म्हणून गोळ्या सोडा, बिघडा, खाटेवर पडा आणि मग कार्ड काढा!

त्यापेक्षा भाच्याचं ई.एस.आय. बरं, सरकारी कामगार विमा. कामगारांचं म्हणून लोक नाक मुरडतात, पण तिथे ओपीडीतूनसुद्धा गोळ्या मिळतात. स्किझोफ्रेनियासारखा आजार असला आणि अटींत बसलात, तर घरी असताना पगाराच्या ऐंशी टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. कुठली कंपनी देते हो?

मग रडगाणं कसलं म्हणता? बढतीचं! फॅक्टरीतला साहेब त्याचा पगार 22 हजार करतोय. ई.एस.आय.ची मर्यादा 21 हजार. कार्ड लगेच नाही बंद होत, काही महिने चालतं. पुढे कंपनीची कॅशलेस पॉलिसी, तीन लाखांची. त्यात खाट बसते, गोळी बसत नाही. जनऔषधीत स्वस्त मिळतीलही, पण दर खेपेची डॉक्टरची फी? आमचे हे ओरडतात, ‘बढती नको म्हणणारा पहिलाच बघतोय!’ मी म्हटलं, आधी कागद-पेन्सिल घ्या, मग ओरडा. घेतली, आणि गप्प बसले.

आता तो साहेबाला विचारणार आहे, वाढ 21 हजारांवरच थांबवता येईल का. साहेबानं ‘का रे?’ म्हटलं तर काय सांगायचं, ते काही सुचत नाही त्याला. फॅक्टरीत कुणाला ठाऊक नाही ना अजून.