स्विचचं नाव असं ठेवा की कुणाला कळू नये

बेंगळुरूत एम्बेडेड प्रोग्रामर म्हणून चिकटलात? अभिनंदन. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये इथे आली, तेव्हापासून चिपच्या पोटातला कोड लिहिण्यात या शहराचा हात धरणारं शहर देशात विरळाच. तुम्हाला पहिलं काम मिळेल ते क्षुल्लक: बोर्डावरचा यूआर्ट (सीरियल पोर्ट चालवणारा भाग) चालू-बंद करणारा कॉन्फिगरेशन स्विच. कोड दोन ओळींचा. करिअर मात्र नावात आहे. स्विचचा अर्थ फक्त तुम्हाला ठाऊक असेल, तोवर नोकरी पक्की.

१. नकाराने सुरुवात करा. 'एनेबल_यूआर्ट' शेंबड्या पोरालाही कळेल, म्हणून बाद. 'डिसेबल_नो_यूआर्ट' ठेवा. कुणी हसलं तर लिनक्सकडे बोट दाखवा. तिथे टायमरचे ठोके थांबवणारा 'नो_एचझेड' आहे. तो बंद असला की कॉन्फिग फाइलीत 'नो_एचझेड इज नॉट सेट' अशी ओळ येते, तीही कॉमेंटच्या वेषात. आणि चालू केला तरी टायमरचे ठोके कायमचे बंद होत नाहीत. प्रोसेसर रिकामा बसला की तेवढ्यापुरते थांबतात.

२. 'आहे' आणि 'हवंय' यांची सरमिसळ करा. चिपमध्ये सोय असणं वेगळं, ती वापरायची असणं वेगळं. भाबडे लोक एकाला 'हॅज' आणि दुसऱ्याला 'यूज' लावतात. तुम्ही दोन्हीकडे 'सपोर्ट' लावा.

३. शून्यावर विश्वास ठेवा. 'वॉचडॉग'ची किंमत शून्य ठेवा आणि कोडात 'इफडेफ'ने तपासा. 'इफडेफ' किंमत बघतच नाही, नाव आहे की नाही एवढंच बघतो. म्हणजे बंद केलेला वॉचडॉग चालूच राहील आणि त्याला वेळेवर कुणी थोपटलं नाही, की बोर्ड दर काही सेकंदांनी रीसेट होईल. टेस्टिंगवाल्यांची दया येईल. येऊ द्या, आवरा.

४. स्पेलिंग चुकवा. साध्या 'इफ'मध्ये अनोळखी नाव आलं की प्रीप्रोसेसर ते मुकाट शून्य धरतो. 'डब्ल्यूअनडेफ' ही वॉर्निंग लावली तर चोरी पकडली जाईल. म्हणून लावू नका.

५. अर्थ बदलला तरी नाव बदलू नका. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'एम्बेडेड' नावाचा पर्याय होता. त्याने एरवी लपवलेले पर्याय उघडायचे, मग मशीन केवढंही असो. २०११ मध्ये कुणाला तरी राहवलं नाही आणि त्या कामासाठी 'एक्स्पर्ट' हे नाव आलं. असा उतावळेपणा टाळा.

६. हेल्पमध्ये लिहा: 'हा पर्याय हा पर्याय चालू करतो. खात्री नसेल तर एन म्हणा.' दुसरं वाक्य अस्सल कर्नलच्या धाटणीचं आहे, त्यामुळे पहिल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

७. राजीनामा दिलात, की नोटीस पिरियडमध्ये फिल्टर कॉफी पीत नव्या मुलाला एवढंच सांगा: 'चालतंय ना, हात लावू नकोस.' तो लावणार नाही. शेजारी 'यूआर्ट_न्यू' नावाचा दुसरा स्विच लिहील. शिष्य तयार झाला, निर्धास्त निघा.