हॉल बुक झाला, आता मागणी घाला

याद्या झाल्या, सुपारी फुटली, हॉलवाल्याने आगाऊ रक्कम घेऊन पावती फाडली? छान. आता तिला लग्नाबद्दल विचारायला हरकत नाही.

घाबरू नका. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. रुखवतात काय मांडायचं इथपर्यंत सगळं ठरतं आणि मग लक्षात येतं की पोरीला गुडघ्यावर बसून विचारायचं राहिलंच. खालच्या सूचना क्रमाने पाळा. सगळं अगदी तुमचं स्वतःचं, वेगळं आणि खास होईल. गेल्या आठवड्यात घाटकोपरला झालं तसंच.

१. आधी तारीख, मग आश्चर्य. उत्तराची खात्री असल्याशिवाय प्रश्न विचारू नये. हॉलची रक्कम परत मिळत नाही, याहून भक्कम खात्री नाही. तिला मात्र काही कळू देऊ नका. 'शनिवारी संध्याकाळी मोकळी राहा, फोटोत उठून दिसेल असं काहीतरी घाल आणि नखं करून घे' एवढंच सांगा. एवढ्यावरून तिला संशय आला नाही, तर लग्नाचा फेरविचार तुम्ही करायचा आहे.

२. जागा. बोरिवलीचं नॅशनल पार्क उत्तम, फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आत कान्हेरीच्या शंभरावर गुंफा आहेत. संसाराकडे पाठ फिरवून आलेल्या भिक्षूंसाठी त्या कोरल्या गेल्या, तेव्हा संसाराचा श्रीगणेशा तिथे करावा हे ओघानेच आलं. अक्सा बीचला जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. 'आयुष्यभर साथ देशील?' आणि जीवरक्षकाची शिट्टी एकाच वेळी आली, तर व्हिडिओत शिट्टीच ऐकू येते.

तरीही माझी शिफारस सोसायटीच्या गच्चीची. त्यासाठी सेक्रेटरींना साध्या कागदावर अर्ज द्या. विषय: लग्नाची मागणी घालण्यासाठी गच्ची मिळणेबाबत. अर्ज कमिटीच्या मीटिंगमध्ये येईल. तळमजल्याचे काका 'उद्या प्रत्येक जण मागणी घालायला लागला तर?' असा मुद्दा काढतील. पाण्याच्या टाकीजवळ मेणबत्त्या लावू नयेत या अटीवर, अनामत रक्कम घेऊन, परवानगी मिळेल. मग त्या शनिवारी ती गेटमधून आत शिरते न शिरते तोच वॉचमन म्हणेल, 'अभिनंदन मॅडम, वरतीच आहेत.' तिने तरीही तोंडावर दोन्ही हात नेऊन चकित व्हायचं आहे. तिच्याकडून आदल्या दिवशी दोनदा सराव करून घ्या.

३. अक्षरं. दिव्यांची पुरुषभर उंचीची अक्षरं भाड्याने मिळतात आणि ती 'मॅरी मी' असं विचारतात. मराठीत विचारायचा हट्ट धरू नका. जोडाक्षर आलं की वेल्डर बोलवावा लागतो.

४. तुमची कहाणी. संगीताच्या रात्री पडद्यावर तुमच्या प्रेमाची फिल्म दाखवायची असते. ती बोरिवलीची, तुम्ही मुलुंडचे. मधे अख्खं नॅशनल पार्क आणि त्यातले बिबटे. तिला भेटायला तुम्ही दर शनिवारी मुलुंडहून दादरला जात होता, पूल चढून वेस्टर्नला येत होता आणि विरारच्या लोकलमध्ये बोरिवलीपर्यंत कुणाच्या तरी काखेत उभे राहत होता. पुढे २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली. मग दादरऐवजी घाटकोपर आणि अंधेरी असं दोनदा बदलायला लागलात, कारण पंधरा मिनिटं आधी भेट व्हायची. हे सगळं फिल्ममधून काढून टाका. खरं वाटेल. त्याऐवजी मढच्या एखाद्या बंगल्यात धुराच्या नळकांड्या घेऊन तुम्ही दोघं हळूहळू पळताय, वरून ड्रोन फिरतोय, एवढं पुरे. लहानपणीचे तीन फोटो टाका. त्यातला एक आंघोळीचा असतो, तो आत्या आणते.

५. नाच. 'मराठी लग्नात संगीत कधीपासून?' असं एखादे खवचट काका विचारतील. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' त्यांनी किती वेळा बघितला, एवढंच विचारा. मग कोरिओग्राफर गाठा आणि 'आमच्यासाठी काहीतरी वेगळं बसवा' म्हणा. तो गंभीरपणे मान हलवेल. चार पावलं पुढे, एक गिरकी, तिला मागे झुकवणं, ड्राय आइसचे ढग. ढगात पाय दिसत नाहीत, ही सगळ्यांच्याच सोयीची गोष्ट. लेहंगा जड असल्याने झुकवताना तिच्यापेक्षा लेहंगा धरा.

गाणी सहा जोडा: पाच हिंदी-पंजाबी आणि आजीला वाईट वाटू नये म्हणून वीस सेकंद मराठी. हक्कांची काळजी नको. लग्नसमारंभात गाणी वाजवण्यासाठी कुणी रॉयल्टी मागू शकत नाही, हे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ चा दाखला देऊन स्पष्ट केलं आहे. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यावर, तिसऱ्याच्या स्टेप्स घेऊन, आपलं वैयक्तिक प्रेम व्यक्त करायला कायद्याची आडकाठी नाही. शेवटी डीजे 'झिंगाट' लावेलच आणि तुमचे न शिकलेले मामा तुमच्याहून बरे नाचतील. त्यांना खाली बसवू नका, पाहुणे त्यांच्यासाठीच थांबलेले असतात.

६. उखाणा. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत कुणीतरी 'नाव घे' म्हणतंच. इथे ढग नाहीत, दिवे नाहीत, कोरिओग्राफर नाही. सगळे घास हातात धरून तुमच्या तोंडाकडे बघतायत आणि तिचं नाव तुम्हाला मोठ्याने घ्यायचंय. फोन टेबलाखाली धरा. व्हॉट्सॲपवरच्या पहिल्याच उखाण्यात आधीच्या नवरीचं नाव राहिलेलं असतं, तेवढं बदलून घ्या.

७. वेळ. संगीत उघड्या लॉनवर किंवा सोसायटीच्या आवारात असेल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला स्पीकर बंद. कार्यक्रम साडेसातचा म्हणजे सुरू नऊला होणार. आधी दोन भाषणं, मग मावश्यांचा ग्रुप डान्स आणि वन्समोअर. तुमची पाळी नऊ अठ्ठावन्नला येईल. नाच दोन मिनिटांत संपेल असाच बसवा.