बारीक टायपातली शाळा

कोल्हापूरचा पेपर सकाळी मलकापुरात येतो आणि दुपारपर्यंत त्याच्यावर दुसऱ्या जबाबदाऱ्या पडतात. गाड्यावर तो भज्यांखाली जातो, घरी फडताळात अंथरला जातो, जूनमध्ये वह्यांना कव्हर म्हणून चढतो. (छापील कागदात खायचं बांधू नका, ही सरकारी सूचनाही आपण भज्यांचं तेल टिपता टिपताच वाचली.) शाळेला तो मिळतो परिपाठाची पाच मिनिटं.

प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाले की सातवीतलं एखादं पोर 'आजच्या ठळक बातम्या' एका दमात म्हणून टाकतं. सभागृहात गदारोळ, विरोधक आक्रमक. समोर पहिलीतली पोरं एकमेकांच्या चपला तुडवत उभी. अर्थ कुणाच्या डोक्यात शिरत नाही, भाषा मात्र मुरते. मग 'आमच्या घरचा गणपती' या निबंधात एक जण लिहितो, 'मोदक कमी पडल्याने घरात एकच खळबळ उडाली. आजीने आईला धारेवर धरले. बाबांनी सावध पवित्रा घेतला.' मी असतो तर पैकीच्या पैकी दिले असते. बाबा कसे असतात, ते इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नसेल.

माझं म्हणणं एवढंच, की ठळक बातम्या राहू द्या. आतल्या पानावरचं बारीक टायपातलं वाचायला द्या. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येतेच. दरवाजे सात; एक उघडला की 1428 क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. फळ्यावर गुणाकार मांडला, की सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर येतात. "सर, आमची टाकी हजाराची. म्हणजे चाळीस टाक्या? एका सेकंदात?" वर्ग गप्प. पाठ्यपुस्तकातल्या हौदाला हे भाग्य नाही. तो एका नळाने भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, आणि तो दुसरा नळ बंद करावा असं पिढ्यान्‌पिढ्या कुणाला सुचत नाही.

दोन पेपर शेजारी ठेवले तर आणखी मजा. एकच मोर्चा एकात 'विराट', दुसऱ्यात 'अल्प प्रतिसाद'. इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच, फक्त दोन पेपरांच्या किमतीत.

आणि पेपर वर्गात आणायला परवानगी कुणाची मागायची? 6 जानेवारीला दिनविशेषात पोरं बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', 1832, असं घोकतात. घाटाखालच्या पोंभुर्ल्याचा हा पहिला मराठी संपादक पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागला. पेपर आणि फळा तेव्हापासून एकाच घरातले.

त्याच बारीक टायपात पावसाळ्यात पंचगंगेच्या पातळीचे आकडेही रोज असतातच. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. "सर, आपल्या पावसानं ती वाढते?" नकाशा काढावा लागतो. आपली कडवी नदी जाते वारणेला, वारणा हरिपूरजवळ कृष्णेला. पंचगंगेशी आपला तसा संबंध नाही. "मग कडवीचे फूट रोज का छापत नाहीत?"

याचं उत्तर गुरुजींकडे नसतं. मग पोरं पुलावरून स्वतःच बघून येतात आणि वर्गाच्या फळ्यावर बातमी लागते : 'कडवी दुथडी, गणिताच्या चाचणीवर अनिश्चिततेचे सावट.'