वाढीव पंचवीस घोडे

आप्पांच्या इनोव्हाला आणखी पंचवीस घोडे जोडावेत की नाही, हा प्रश्न आमच्या कॉलनीत आता इतका मुरला आहे की दहावीचे पेढे द्यायला आलेल्या पोरालासुद्धा आप्पा आधी विचारतात, "तुझं काय मत? रिमॅप करावं का?" पोरगं बिचारं कॉमर्सला जाणार असतं.

आप्पा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. गाडी 2012ची, डिझेल, 2494 सीसी, 102 अश्वशक्ती, 200 न्यूटन मीटर टॉर्क. नातवंडांचे वाढदिवस काकूंना विचारावे लागतात, हे आकडे मात्र झोपेतून उठवून विचारले तरी बिनचूक. आता एवढी ताकद बाळगणारा माणूस गाडी कशी चालवत असेल? साठनं. एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा आहे, पण ती इतरांसाठी. चढ दिसला की आप्पा एसी बंद करतात, उतार दिसला की पाय काढून घेतात, आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला काच खाली करून विचारतात, "ॲव्हरेज काय देते?" टाकी दर वेळी फुल्ल करून, किलोमीटरला भागून, वहीत दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेलं असतं. अशा माणसाला वाढीव पंचवीस घोडे कशाला हवेत?

त्याचं कारण साडू.

काकूंच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी क्रिस्टा घेतली. तिचं इंजिन 2.4 लिटरचं, म्हणजे आप्पांच्यापेक्षा लहान, आणि ताकद 150. त्या 150पेक्षा ते 'लहान' आप्पांना जास्त लागलं. त्यात पुण्याचं एक लग्न उरकून दोन्ही गाड्या बरोबर साताऱ्याला निघाल्या. आप्पांच्या गाडीत सात माणसं, मागे आहेराची भांडी. खंडाळा मागे पडलं, खंबाटकीचा चढ लागला, आणि साडूंनी इंडिकेटर देऊन, हॉर्नसुद्धा न वाजवता, अगदी अदबीनं ओव्हरटेक केलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण आप्पा दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत असताना काकूंचा फोन वाजला. "ताई, गाडी बिघडली का हो तुमची? नाही, आमचा चहा पिऊन झाला, म्हणून विचारलं."

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. लग्नात जास्त झालं होतं, असं काकू म्हणतात.

पुढच्याच रविवारी पुतण्या आला आणि त्यानं हे रिमॅपचं पिल्लू सोडून दिलं. "काका, इंजिन उघडायचंच नाही. नुसतं सॉफ्टवेअर." हल्लीच्या डिझेल गाडीत किती डिझेल फवारायचं, कधी फवारायचं, टर्बोनं हवा किती दाबायची, हे सगळं ईसीयू नावाची पेटी ठरवते, आणि ते ठरवायला तिच्यात कोष्टकं भरलेली असतात. तो मॅप. कंपनी ही कोष्टकं हात राखून भरते, कारण तीच गाडी लेहच्या विरळ हवेत चालायची असते, राजस्थानच्या उन्हातही चालायची असते, पंपावरचं डिझेल कसंही असू शकतं, आणि मालक सर्व्हिसिंग चुकवणार हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. रिमॅप करणारा ही राखून ठेवलेली जागा वापरतो. टर्बो डिझेलला त्यातून वीस-पंचवीस टक्के ताकद वाढते, आणि ती चढावर जाणवते.

आप्पांनी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि आपल्या भाषेत नोंदवलं. "म्हणजे निधी मंजूर आहे. नुसता अखर्चित पडून आहे."

आणि अखर्चित निधी दिसला की लेखा विभागातला माणूस स्वस्थ बसत नाही. पुतण्यानं दाखलाही दिला होता. तेच 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये 75 अश्वशक्ती द्यायचं आणि एर्टिगात 90. "एर्टिगाचा टर्बो वेगळा असायचा, काका," हे तो नंतर म्हणाला, पण तोवर आप्पा उठून फाइल शोधायला गेले होते.

फाइलवर विषय लिहिला, 'इनोव्हा वाहनाची अश्वशक्ती वाढविणेबाबत'. उजवीकडे पत्रव्यवहार, डावीकडे टिपणी. मग अभिप्राय मागवणं सुरू झालं. गॅरेजचा मिस्त्री टायर खोलता खोलता म्हणाला, "करा की. फक्त क्लच प्लेटचे पैसे बाजूला काढून ठेवा. इंजिन जोर लावंल, जुनी प्लेट घसरंल." विमा एजंटानं सांगितलं की बदल कंपनीला कळवावा लागतो, नाहीतर उद्या काही झालं तर क्लेम अडकेल. पीयूसीवाल्यानं विचारलं, काळा धूर मारला तर कोण बघणार? प्रश्न रास्त होता. हवा न वाढवता नुसतं डिझेल वाढवलं की न जळलेलं सगळं मागच्या स्कूटरवाल्याच्या शर्टावर जातं.

कॉलनीतले वकील मोटार वाहन कायद्याच्या कलम 52वर आले. नोंदणी पुस्तकातला कंपनीचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, असं ते कलम म्हणतं.

"पुस्तकात सीसी आहेत," आप्पा म्हणाले. "सीसी 2494च राहणार. सॉफ्टवेअर बदललेलं पुस्तकाला काय कळतंय?"

"पुस्तकाला नाही, आप्पा. अपघात झाला की न्यायाधीशाला कळतं."

आप्पांनी टिपणी लिहिली, 'विधी विभागाचे मत संदिग्ध'. मी सरळ "करू नका" म्हणालो होतो. माझ्या नावापुढे मला आढळलं, 'अनुकूल नाहीत, तथापि ठाम विरोधही दिसत नाही'.

मध्यंतरी एक स्वस्त वाटही निघाली होती. ट्यूनिंग बॉक्स. ईसीयूला हात न लावता सेन्सरच्या वायरीत एक डबी जोडायची. ती ईसीयूला कळवते की रेलमध्ये डिझेलचा दाब कमी आहे, मग ईसीयू दाब वाढवते आणि इंजिनाला जास्त डिझेल मिळतं. सासूला "अजून जेवलोच नाही" सांगून दुसऱ्यांदा ताट वाढून घेणाऱ्या जावयाचाच हा प्रकार. आप्पांना तो पसंत पडला नाही. तीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस खोट्या नोंदीवर गाडी कशी चालवणार? इथं मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटला.

पण तरीही निर्णय होईना. आप्पांची पैशाला ना नाही, भित्रेही नाहीत. माझा अंदाज असा की निर्णय झाला की चौकशी संपणार, आणि चौकशी संपली की सकाळी दहा वाजता आप्पांनी शर्ट घालून जायचं कुठं? काकूंना हे माझ्या आधी कळलं असावं. त्या एकदाच म्हणाल्या, "अहो, आहेत ते 102 तरी कधी वापरलेत का?" आणि आमटीला फोडणी द्यायला आत गेल्या. अभिप्राय लेखी नव्हता, त्यामुळे फाइलला लागला नाही.

शेवटी 'प्रत्यक्ष स्थळपाहणी' करायचं ठरलं आणि आप्पा मला घेऊन पुण्याला निघाले. रिमॅप करणारा मुलगा पंचविशीचा, एका शेडमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला. आप्पांनी आधी त्याचीच तपासणी घेतली. मूळ सॉफ्टवेअरची प्रत कुठं राहते? ती तो आधी काढून जपून ठेवतो, हे कळल्यावर "नक्कल कोण साक्षांकित करतं?" हे विचारून झालं. मग मुख्य मुद्दा आला.

"ताकद वाढते, ॲव्हरेजही वाढतं म्हणतात. मग कंपनीवाले काय वेडे आहेत?"

"काका, पाय होता तसाच हलका ठेवला तर थोडं वाढू शकतं. पण रिमॅप केल्यावर कुणी पाय हलका ठेवत नाही."

"मी ठेवतो," आप्पा म्हणाले. त्यात शंकेला जागाच नव्हती. "बरं, निम्मीच ताकद वाढवली तर निम्मे पैसे घ्याल?"

मुलानं उत्तर टाळलं आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खोचली. आधी गाडीची तब्येत बघू, म्हणाला. दुखणं दुसरीकडं असेल तर मॅप बदलून उपयोग नाही. स्क्रीनवर आकडे हलायला लागले. "काका, इंजिन बंदच राहू दे, नुसती चावी ऑन. आता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा."

"दाबला."

"पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबलाय."

मी वाकून बघितलं. स्क्रीनवर 68 टक्के. आप्पांच्या पिंढरीची शीर फुगली होती, आकडा 68च्या पुढं सरकत नव्हता. मुलानं दार उघडलं, गुडघ्यावर बसला आणि पेडलखाली हात घातला. आधी दोन घड्या घातलेला रद्दी पेपर निघाला. तो दर रविवारी बदलला जातो. त्याखाली नूडलसारख्या दोऱ्यांची जाड मॅट. त्याखाली शोरूमनं दिलेली रबरी मॅट, जिच्या कडा पेडलच्या बाजूनं वर वळलेल्या. त्याखाली आणखी एक रबरी मॅट, ही शोरूमची मॅट खराब होऊ नये म्हणून आणलेली आणि नंतर चुकून खाली गेलेली. सगळ्यात तळाला कंपनीचं कार्पेट, गाडी शोरूमबाहेर पडली त्या दिवशीइतकं कोरं.

"आता दाबा."

98.

शेडमध्ये कुणीच बोललं नाही. मुलगा भला होता, हसला नाही. खंबाटकीच्या चढावर सात माणसं आणि आहेराची भांडी ओढताना आप्पांनी जेवढा पाय खाली नेला होता, तेवढ्यावर पाय जमिनीला टेकतो अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. बाकीचे घोडे रबराखाली होते.

"याचे किती द्यायचे?" आप्पांनी विचारलं.

"याचे काय घेणार, काका."

फुकट काम झाल्याचा आनंद आप्पांच्या तोंडावर दिसायला हवा होता. दिसला नाही. परतीच्या वाटेवर घाट लागला तेव्हा मी म्हटलं, दाबून तर बघा. त्यांनी एकदा, माझ्या शब्दाखातर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबला. गाडीनं मला सीटमध्ये मागे रेटलं, कांद्याचा पिकअप एका दमात मागे गेला. दोन वळणं आप्पांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ते निवृत्त वाटत नव्हते. मग त्यांची नजर डिझेलच्या काट्यावर गेली आणि पाय वर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चारी थर जागच्या जागी, वर ताजा पेपर. आप्पा दहाला शर्ट घालून माझ्या दारात हजर. काखेत नवी, कोरी फाइल, विषय ठळक अक्षरांत, 'ॲक्सिलरेटरखालील मॅट कमी करणे अथवा कायम ठेवणेबाबत'.

"कार्पेट खराब होण्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "शिवाय ॲव्हरेज. तुमचा अभिप्राय लेखी हवाय."

"आणि रिमॅपचं?"

"ते प्रकरण वेगळं. ते प्रलंबित आहे."