गडावरचा बल्लव

शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट, ‘किती डोकी?’

‘बारा.’

‘म्हणजे चौदा धरू. दीड किलो तांदूळ, पाऊण किलो मूगडाळ, अडीच किलो कांदे.’

बारा माणसांना अडीच किलो कांदे कशाला, हा प्रश्न विचारायचा नसतो. मी एकदा विचारला होता. त्यानंतर गडावर ते सगळे कांदे मलाच चिरायला लागले.

ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येक टोळक्यात काही माणसं ठरलेली असतात. वाट नक्की माहीत असल्यामुळे हमखास चुकवणारा एक असतो. प्रत्येक पडक्या भिंतीला ‘इथे सदर असावी’ म्हणणारा एक असतो. ‘आता पाचच मिनिटं राहिलं’ असं तीन तास सांगणारा एक असतो. आणि एक असतो बल्लव. बाकीच्यांवाचून ट्रेक अडत नाही, बल्लवावाचून अडतो. निदान बल्लवाचं तसं मत असतं.

बल्लव हे नाव भीमाने अज्ञातवासात घेतलं होतं. वर्षभर तो विराटाच्या मुदपाकखान्यात आचारी म्हणून राहिला आणि कुणाला पत्ता लागला नाही. आमच्या बल्लवाचा अज्ञातवास उलटा आहे. सोमवार ते शुक्रवार तो एका कचेरीत हिशेबनीस म्हणून वेष पालटून वावरतो, घरी साखरेचा डबा कुठला हे विचारल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी समुद्रसपाटीपासून हजारभर मीटर वर गेला की मूळ रूपात प्रकट होतो. भीमाशी त्याचं साम्य म्हणाल तर एकच, चूल पेटवायला तो घासलेट वापरत नाही. भीमसेनी कापूर वापरतो. आडनाव नसेना का, वास तरी घराण्याचा हवा!

आमचा ठरलेला गड हरिश्चंद्रगड. खुबी फाट्याला एस्टीतून उतरायचं, पिंपळगाव जोग्याच्या पाण्याकडेने खिरेश्वर गाठायचं आणि तोलार खिंडीतून वर. या चालीत बल्लवाच्या पाठीवर सगळ्यात हलकी सॅक असते, कारण त्याच्याकडे ‘जबाबदारी’ असते. जर्मनचा मोठा टोप नेहमी नव्या पोराच्या सॅकला उपडा बांधलेला असतो. मागून पाहिलं तर कासव गड चढतंय असं वाटतं. कासवाने वाटेत एकदा ‘काका, हा टोप दुसऱ्याला देऊ का?’ असं विचारलं, तर बल्लव थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, ‘बाळा, मी हा टोप सात वर्षं वाहिलाय.’ मी त्याला वीस वर्षं ओळखतो. त्याने टोप एकदाही वाहिलेला नाही.

खिंडीतल्या वाघाच्या शिल्पाजवळ शिधा मोजायचा प्रघात आहे. वाघासमोर बसून आमचा हिशेबनीस लसूण मोजतो.

वर देवळापाशी पोचलो की बाकीचे केदारेश्वराच्या गुहेकडे धावतात. पाण्यात मधोमध भली मोठी पिंड, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि पाणी असं गार की तोंडून देवाचं नाव आपोआप निघतं. बल्लव तिकडे बघतही नाही. याच गडावर चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ लिहिला असं सांगतात. बल्लवाला त्यातली एकच गोष्ट खटकते. इतके दिवस राहिले, तर चूल कुठे मांडत होते, ते लिहून ठेवायला काय झालं होतं?

चूल मांडणं हा त्याच्या लेखी धार्मिक विधी आहे. आधी बोट ओलं करून वारा बघायचा. मग तीन दगड निवडायचे. ओढ्यातले दगड चालत नाहीत. त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं, तापले की फटकन फुटतात. हे खरं आहे, आणि बल्लवाच्या बोलण्यात खऱ्याचं प्रमाण कमी असल्यामुळे मुद्दाम नोंदवून ठेवतो. दुसरी खरी गोष्ट म्हणजे टोपाला बाहेरून चिखलाचा लेप द्यायचा. मग काजळी लेपावर धरते आणि सकाळी लेपासकट निघते. हा लेप तो स्वतःच्या हाताने देतो, अगदी नवरीला हळद लावावी तसा. टोप घासायचं काम अर्थातच कासवाचं.

जळणाला वाळकी कारवी. ती भसकन पेटते आणि तितक्याच भसकन विझते, म्हणून एका माणसाला पूर्णवेळ कारवी मोडायला बसवलेलं असतं. धूर कुठे जाईल हे बोट ओलं करून ठरलेलंच असतं, पण धूर ते पाळत नाही. जो सरकेल त्याच्या मागे धूर सरकतो. बारा माणसं चुलीभोवती संगीत खुर्चीसारखी फिरत असतात आणि मधोमध बल्लव डोळे मिटून, नाक वर करून, फोडणी ‘ऐकत’ असतो. मोहरी बघायची नसते म्हणे, ऐकायची असते.

इथे टॉर्च धरायचा मान मला आहे. अडचण एवढीच की टॉर्चचा झोत टोपात पडला की गडावरचे समस्त किडेही टोपात पडतात. नव्या मुलींपैकी एकीने घाबरून विचारलं, ‘काका, हे जिरं आहे ना?’ बल्लवाने झाऱ्याने दोन क्षण निरखून पाहिलं. ‘हलत नाही ना? मग जिरंच.’

खिचडी हा त्याचा हुकमाचा एक्का. पण प्रत्येक बल्लवाच्या चरित्रात एक पानिपत असतं, तसं त्याच्या चरित्रात राजमा आहे. ‘दर वेळी काय तेच तेच’ असं कुणीतरी म्हणालं आणि त्याला इरेस पेटवलं. राजमा सकाळपासून डब्यात भिजत घातला होता, तयारीत काही कसूर नव्हती. संध्याकाळी सातला टोप चढला. नऊ वाजता राजमा गारगोटीसारखा टणक. दहा वाजता बल्लवाने विज्ञान काढलं. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं, शंभर अंशांपर्यंत पोचतच नाही. हेही खरंच आहे. गड १४२४ मीटर उंच, म्हणजे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळ्या मारायला लागतं. मग खालून कितीही कारवी जाळा, पाणी त्याच्यावर तापत नाही, नुसतं बुडबुडतं. मूगडाळ ते चालवून घेते, राजमा घेत नाही. ‘पाच अंशांनी घात केला,’ असं तो अजून सांगतो. त्या रात्री आम्ही अडीच किलो कांदे मीठ लावून खाल्ले. कांदे अडीच किलो का आणायचे, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्यांदा त्याला झटका आला तो शिवकालीन जेवणाचा. डोक्याला मुंडासं, कमरेला शेला, ‘आज मावळे खायचे तेच खायचं,’ अशी घोषणा. मग बटाट्याचा रस्सा रटरटायला लागला. सदर दाखवणारे गृहस्थ जवळच होते. त्यांनी सावकाश विचारलं, ‘बटाटा? तो शब्दच पोर्तुगीज आहे हो.’ चुलीपाशी शांतता पसरली. टोमॅटोही तिकडूनच आला, मिरचीसुद्धा गलबतातूनच उतरली, असं एकेक करत गृहस्थांनी टोपातली निम्मी फौज फितूर ठरवली. बल्लव डगमगला नाही. ‘लुटून आणला असेल,’ म्हणाला आणि झाकण ठेवलं. मुंडासं मात्र नंतर टोप उतरवायला वापरलं.

बल्लवाची खरी परीक्षा शेजारच्या गुहेत दुसरा बल्लव असला की होते. एका डिसेंबरात मुंबईहून आलेला एक गट शेजारी उतरला होता. त्यांचा बल्लव तिशीतला, कमरेला एप्रन, आणि सळईवर पनीर! आमच्या माणसाने पुटपुटत तीनदा म्हटलं, ‘गडावर पनीर.’ देवळात कुणी चपला घालून शिरल्यासारखा सूर होता. मग राजनैतिक रीतीप्रमाणे वाट्यांची देवघेव झाली. तिकडून चार तुकडे पनीर आलं, इकडून खिचडी गेली. आमच्या बल्लवाने एक तुकडा बराच वेळ चावला. ‘चांगलंय. घरी केलं असतंत तर अजून चांगलं झालं असतं.’ समोरच्या बल्लवाने खिचडीचा घास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, ‘काका, मसाला कुठला?’

‘माझा स्वतःचा आहे,’ आमचा बल्लव म्हणाला.

आता टॉर्च धरणाऱ्याला काही गोष्टी दिसतात, त्याला इलाज नाही. बल्लवाच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात दर वेळी चार पुड्या असतात. वर्तमानपत्राच्या नव्हे, वहीच्या पाठकोऱ्या कागदाच्या, दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येक पुडीवर निळ्या शाईत, वळणदार बाईमाणसाच्या अक्षरात लिहिलेलं असतं. पहिलीवर : ‘फोडणी. तेल तापल्यावर. आधी नाही.’ दुसरीवर : ‘गोडा मसाला. डाळ-तांदूळ परतून झाल्यावर.’ तिसरीवर : ‘वरून घालायचं खोबरं.’ आणि चौथीवर : ‘मीठ. १४ माणसांचं. एकदाच.’ ‘एकदाच’च्या खाली दोन रेघा. पुडी उघडली की बल्लव कागद चुरगळून लगेच चुलीत टाकतो. जळणाला मदत, म्हणतो.

वहिनी ट्रेकला एकदाच आल्या होत्या. चुलीकडे पाठ करून त्या रात्रभर चांदणं बघत बसल्या. बल्लवाने फोडणी केली, तेव्हा मान न वळवता एवढंच म्हणाल्या, ‘अहो, हिंग.’ हिंग पडला. त्या पुन्हा चांदण्याकडे.

जेवण कसं असायचं? उत्तम असायचं. हे मी उपरोधाने म्हणत नाही. सात-आठ तासांची चाल झालेली, थंडीने कानाच्या पाळ्या दुखतायत, ताटलीत वाफाळती, किंचित धुरकट, खाली किंचित करपलेली खिचडी, वर तूप, बाजूला भाजलेला पापड आणि हातात अर्धा कांदा. तळाची खरवड वाटताना भांडणं व्हायची. बल्लव सगळ्यात शेवटी जेवायचा आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहायचा. कुणी ‘अजून थोडी?’ म्हटलं की असा काही वाढायचा की कचेरीतला हिशेबनीस तो हाच यावर विश्वास बसू नये. हीच खिचडी त्याने एकदा घरी गॅसवर करून पाहिली. मुलाने अर्धी सोडली. बल्लवाचं निदान तयार होतं : गॅसच्या ज्योतीला ‘चढउतार’ नाही.

हे सगळं आता भूतकाळात जमा झालंय. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात आग पेटवायची नसते. हे आम्हाला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. लेण्यांच्या छतांवर जी काजळी बसली आहे, तिच्यात आमच्या खिचडीचाही वाटा आहे, आणि ते काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. आता आम्ही पाचनईच्या बाजूने चढतो. पायथ्याला गावातल्या एका घरी आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगून ठेवायचं : पिठलं, भाकरी, ठेचा, भात. उतरून यायचं आणि ओसरीवर पंगतीला बसायचं. टोप बल्लवाच्या माळ्यावर गेला. कासवाला नोकरी लागली.

पहिल्या वेळी बल्लव ओसरीवर बसेचना. पंगतीत सगळे बसले आणि हा आत स्वयंपाकाच्या खोलीत. मी पाणी आणायला म्हणून डोकावलो. मावशी चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि आमचा बल्लव मागे उभा राहून मार्गदर्शन करत होता. मोहरी ऐकायची असते. पिठल्यात गुठळी धरू नये म्हणून बेसन कसं भुरभुरवायचं असतं. चुलीत हवा कुठून शिरायला हवी. मावशी ‘हां दादा, हां दादा’ करत होत्या. परातीत भाकरी एकसारखी गोल फिरत होती, त्यांची नजर तव्यावर, आणि त्यांचा हात एकदाही थांबला नाही. मग लाकडं धुमसायला लागली. मावशींनी कोपऱ्यातली लोखंडी फुंकणी उचलली आणि मागे न बघता त्याच्या हातात दिली.

‘दादा, तेवढं फुका.’

बल्लव क्षणभर फुंकणीकडे बघत राहिला. मग मांडी ठोकून चुलीशी बसला, गाल फुगवले आणि फुंकायला लागला. डोळ्यांतून पाणी, मिशीवर राख. जाळ धडधडून वर आला तशी मावशींनी भाकरी निखाऱ्याशी उभी केली. ती टम्म फुगली. बल्लवही.

बाहेर येऊन तो पंगतीत माझ्या शेजारी बसला. पिठल्याचा पहिला घास घेतला आणि माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला, ‘जाळ मी धरला होता म्हणून. एरवी एवढं जमून नसतं आलं.’