स्मृतिभ्रंशाच्या लॅबमध्ये रुजू होताना

अभिनंदन. एमएस्सी झालं, डिमेन्शियावरच्या प्रोजेक्टमध्ये रिसर्च असिस्टंटची नोकरी लागली. घर डोंबिवलीत आणि लॅब कुलाब्याकडे असेल, तर दिवस फलाटावरच सुरू होतो. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या कशा करतात यावर काम झालं आहे. दाटीत एकमेकांना चिकटणं म्हणजे काय, हे तुम्हाला दिवा स्टेशन येईपर्यंत समजलेलं असेल.

नोकरीची बातमी सांगताच कोणीतरी हमखास म्हणेल, "मेंदूचं काम ना? मग ठाण्यालाच जायचं!" हसून घ्या. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं. त्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या अशाच रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली आणि आलोइस अल्झायमर नावाचा डॉक्टर तिच्या विसरण्याची टिपणं ठेवू लागला. 1906 मध्ये ती वारल्यावर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींबाहेर गुठळ्या, पेशींत गुंते. तुम्हीही त्याच दोघांच्या मागे लागणार आहात, फक्त त्यांना आता अमायलॉइड आणि टाऊ म्हणतात.

आता काम. पहिल्या दिवशी तुम्हाला मेंदू दिसणार नाही. जांभळ्या बुचाच्या रक्ताच्या नळ्या दिसतील. सेंट्रीफ्यूज करा, वरचा पिवळसर प्लाझ्मा अलगद काढा, खालच्या थराला पिपेटची टिप लागू देऊ नका. गोठवण्याआधीच छोटे भाग करून ठेवा, कारण वितळवून पुन्हा गोठवलेला नमुना भरवशाचा राहत नाही. नळी पॉलिप्रॉपिलीनची घ्या. अमायलॉइड साध्या पॉलिस्टायरीनला चिकटतं, मग आकडा कमी येतो आणि दोष पेशंटच्या मेंदूला लागतो. लेबलसाठी साधा मार्कर नको. अल्कोहोलचा एक थेंब पडला की अक्षरं गेली. विसरण्यावर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये नळीलाच आपलं नाव आठवू नये, यासारखी नामुष्की नाही.

प्लाझ्मातलं अमायलॉइड मोजायच्या एलायझा चाचणीच्या प्लेटला 96 खाचा असतात. साठाव्या खाचेपाशी कोणी "चहा घेणार का?" विचारलं तर मान हलवू नका. नकारात्मक निकाल आला तर तोही वहीत लिहा, तारखेसह, शाईने. सर खूश होणार नाहीत, पण पुढे जो कोणी येईल त्याचे सहा महिने वाचतील. नोकरीतलं खरं कौशल्य हेच. पिपेट धरायला तर कोणीही शिकतं.

सगळ्यात अवघड प्रयोग सोसायटीच्या जिन्यात होतो. "अरे, ह्यांना हल्ली सकाळचं आठवत नाही. तुमच्याकडचं काहीतरी औषध दे ना." भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रत्येक मजल्यावरून विचारणा येणारच. इथे शास्त्रज्ञाचा आव आणू नका, गुठळ्यांची चित्रं काढू नका, फ्रीजरमध्ये काय आहे तेही सांगू नका. एवढंच म्हणा: "काकू, काकांना न्यूरोलॉजिस्टकडे न्या, आणि बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या." या दोन्हींच्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत.